विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी फ्रीस्टाइल

आपल्याकडे खेड्यात ज्याला पोहता येतं तो बहुधा विहिरीत नाहीतर गावतलावात शिकलेला असतो. कमरेला वाळला भोपळा किंवा रिकामी कॅन बांधायची, वरून काकाने दोर धरायचा आणि आपण हातपाय मारत राहायचं, एवढीच शाळा. त्या शिक्षणाने माणूस बुडत नाही, आणि हे काही थोडं नाही. पण हाच माणूस चाळिशीला आला, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं किंवा गुडघे चालू देईनात, म्हणून तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या तरणतलावावर गेला, की पहिल्या 25 मीटरलाच त्याची दमछाक होते. शेजारच्या पट्ट्यात साठीचे गृहस्थ संथपणे हात टाकत फेरीमागून फेरी मारत असतात. दिवसभर शेतात राबणाऱ्याला कोडं पडतं की ताकद तर आपल्यातच जास्त, मग दम आपलाच काहून जातो?

दम ताकद कमी पडते म्हणून जात नाही. डोकं पाण्याबाहेर धरलेलं असतं आणि श्वास कोंडलेला असतो, म्हणून जातो. विहिरीत डोकं वर ठेवणं बरोबरच होतं. भिंत जवळ, पाणी गढूळ, पोरं वरून उड्या टाकणार, तेव्हा बघत राहावंच लागायचं. लांब अंतर पोहताना मात्र तीच सवय आडवी येते. म्हणून शिकण्याचा क्रम असा धरा: आधी श्वास, मग अंगाची सरळ रेष, मग पाय आणि सगळ्यात शेवटी हात. बहुतेक लोक हातापासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात.

स्पर्धेच्या नियमांत फ्रीस्टाइल म्हणजे कोणत्याही प्रकाराने पोहायची मुभा. तरी सगळे क्रॉलच मारतात, कारण त्याहून वेगवान प्रकार अजून सापडलेला नाही. या लेखात फ्रीस्टाइल म्हणजे तोच आळीपाळीने हात टाकायचा क्रॉल.

पाणी कुठलं?

शिकण्यासाठी तरणतलावच बरा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या जुन्या संस्थेत किंवा जिल्हा क्रीडा संकुलात उन्हाळी वर्ग असतात. आपल्याकडची सोयीची वेळ म्हणजे कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाल्यापासून पेरणीपर्यंत. मृग लागला की कोणाला सवड नसते, म्हणून मार्चअखेरीलाच चौकशी करून नाव घाला. बायांसाठी वेगळी बॅच असते का, तेही विचारा. पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ पोहण्याचा पोशाख मिळतो आणि बहुतेक ठिकाणी चालतो. संकोचापोटी शिकणं सोडू नका. सुती साडी, सलवार किंवा लुंगी मात्र पाण्यात जड होते, पायात गुंतते, आणि तलावावर ती चालत नाही.

रोज तालुक्याला जाणं परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा जा आणि मधल्या दिवसांत घरी करायच्या गोष्टी करा. त्या पुढे सांगतो.

शेततळ्यात सराव करू नका. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याची उतरती बाजू शेवाळाने इतकी निसरडी होते की उत्तम पोहणाऱ्यालाही बाहेर निघता येत नाही. हात रोवायला काहीच नसतं. अशा तळ्यात जीव गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. शेततळं तुमचं स्वतःचं असेल तर आजच चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा. धरणाच्या कालव्यातही नको. वरून पाणी संथ दिसतं, आत ओढ असते आणि सिमेंटच्या उतारावर पाय ठरत नाही. वर्धा-वैनगंगेच्या पात्रात रेती उपसून झालेले खड्डे वरून दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडतं. विहिरीवर जायचंच असेल तर पायऱ्यांची विहीर निवडा, मोटारीचा मेन स्विच खाली पाडा आणि स्टार्टरजवळ कोणाला तरी उभं करा. सोललेल्या केबलमुळे पाण्यात करंट उतरतो आणि पोहणाऱ्याला हातपाय हलवायलाही वेळ मिळत नाही.

मिरगीचा, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि पाण्यात उतरताना शिकवणाऱ्याला सांगून ठेवा.

श्वास

इथे घाई करू नका. पहिला आठवडा फक्त यालाच दिला तरी वाया जात नाही.

आपण जमिनीवर श्वास घेतो तेव्हा सोडण्याचा विचार करत नाही. पाण्यात तोंड गेलं की माणूस नकळत छाती भरून घेतो आणि धरून ठेवतो. दम कोंडल्याची जी घालमेल होते, ती बहुतांशी रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. आतली हवा बाहेरच गेली नाही तर तोंड वर काढल्यावर सोडायचं आणि घ्यायचं, दोन्ही कामं अर्ध्या सेकंदात करावी लागतात. दोन्ही अर्धवट होतात, चार हातांत छाती गच्च होते आणि वाटतं की आपला स्टॅमिना कमी आहे. स्टॅमिना शाबूत असतो. अडलेली असते ती हवा.

घरी घंगाळात किंवा मोठ्या बादलीत पाणी घ्या. तोंड कपाळापर्यंत बुडवा आणि नाकातून हळूहळू हवा सोडा, मनात "ऊंऽऽऽ" म्हणत. बुडबुडे एकसारखे, बारीक आणि सलग यायला हवेत. चार-पाच सेकंदांनी मान फक्त बाजूला वळवा, तोंडाने पटकन श्वास घ्या आणि पुन्हा पाण्यात. सलग वीस श्वास न गुदमरता जमले की तरणतलावावर कठडा धरून, छातीएवढ्या पाण्यात हेच करा.

एका उन्हाळी वर्गात पन्नाशीच्या एक काकू होत्या. शेतकरी घरातल्या, पाण्याची भीती नव्हती, पण तोंड बुडवलं की गाल फुगायचे आणि डोळे घट्ट मिटायचे. बुडबुडा एकही नाही. त्या म्हणाल्या, "सर, नाकात पाणी जाते ना जी." शिकवणाऱ्यांनी त्यांना तोंड बुडवून एखादं गाणं गुणगुणायला सांगितलं. गुणगुणताना नाकातून हवा बाहेर येतच राहते, आणि ती येत असेपर्यंत पाण्याला आत शिरायला वाव नसतो. काकूंनी आरती धरली. पहिल्यांदा दोन शब्दांत ठसका लागून वर आल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाण्यावर बुडबुड्यांची सरळ ओळ उमटली, गाल सैल पडले आणि कठड्यावरची त्यांची मूठ आपोआप उघडली. शिकणाऱ्याचा हात असा सैल झाला की पुढचं शिकवायला हरकत नाही.

एक धोका इथेच सांगतो. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो अशी पैज लावून पोरं आधी भराभरा खोल श्वास घेतात. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, शरीराकडून "वर ये" असा इशारा मिळत नाही आणि ऑक्सिजन संपून माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. चांगल्या पोहणाऱ्यांचेही जीव असे गेले आहेत. ही पैज तुम्ही लावू नका आणि गावच्या विहिरीवर दिसली तर थांबवा.

अंगाची रेष

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे. त्यामुळे पाण्यात जोर वाढवून जितका फायदा होतो त्याहून कितीतरी जास्त फायदा आडवं, सरळ आणि लांब होण्याने होतो. छातीत हवा असते म्हणून छाती तरंगते. कमर, मांड्या जड, म्हणून त्या खाली जातात. डोकं वर गेलं की पाय खाली, अगदी तराजूच्या पारड्यांसारखं. पाय खाली गेले की सगळं अंग तिरपं होतं आणि पाणी छातीपासून मांडीपर्यंत अडतं. मग तुम्ही पोहत नसता, पाणी ढकलत असता.

तर नजर सरळ खाली, तळाच्या काळ्या रेषेवर ठेवा. पाण्याची कड डोक्याच्या टाळूवर यावी, कपाळावर नाही. मान सैल असू द्या. छातीचा भार किंचित पाण्यावर टाका, कंबर आपोआप वर येते.

सराव असा: कठड्याला पाठ, एक पाय भिंतीला, दोन्ही हात कानांना चिकटवून पुढे, एकावर एक पंजे. श्वास घ्या, तोंड खाली करा, भिंतीला रेटा आणि नुसते सरका. हात नाही, पाय नाही. थांबेपर्यंत हवा सोडत राहा. पहिल्या दिवशी दीड-दोन मीटरवर थांबाल. तेच चार-पाच मीटरवर जाऊ लागलं की रेष जमली असं समजा. ताकद एक तोळाही वाढलेली नसते, तरी अंतर दुप्पट झालेलं असतं. प्रत्येक दिवसाची सुरुवात अशा आठ-दहा सरकण्यांनी करा, फ्रीस्टाइल उत्तम येऊ लागल्यावरसुद्धा.

पाय

पायांकडून फार अपेक्षा ठेवू नका. लांब पोहताना पुढे नेण्याचं काम मुख्यतः हातांचं असतं. पायांनी मागचं अंग वर ठेवलं आणि तोल सांभाळला तरी पुष्कळ. मोठ्या वयाच्या शिकाऊ माणसाचा निम्मा दम पाय आपटण्यात जातो, कारण मांड्यांचे स्नायू मोठे आणि त्यांना हवाही जास्त लागते.

पाय कमरेतून हलवा. गुडघा थोडा सैल, पण गुडघ्यात दुमडून मारू नका. पावलांमधलं अंतर फूटभर पुरे, आणि पाण्यावर नुसत्या टाचा उमटाव्यात. पाऊल मागे ताणलेलं हवं, बोटं मागच्या दिशेला. नेमकं इथेच आपलं अडतं. वर्षानुवर्षं चिखलात, ढेकळांत चालून घोटा एकाच बाजूने पक्का झालेला असतो. पाऊल ताणलं जात नाही, आडवं राहतं, आणि किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, धरून कितीही पाय मारले तरी माणूस जागेवरच राहतो. काही जण तर मागे सरकतात. यावर उपाय घरीच आहे: वज्रासन. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसा, आधी टाचांखाली उशी घेऊन. घोटा मोकळा व्हायला काही आठवडे लागतात. गुडघ्याचं दुखणं असेल तर वज्रासन सोडा आणि खाटेवर बसून हाताने पाऊल खाली ताणा.

पोटरीत गोळा आला तर घाबरून हात मारू नका. पाठीवर व्हा, तरंगा आणि पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढा.

कुशीवर वळणं आणि श्वास घेणं

क्रॉल पोटावर झोपून पोहायचा नसतो. प्रत्येक हातागणिक अंग या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहतं. हे वळणं आलं की श्वासासाठी वेगळं काही करावं लागत नाही, अंगासोबत तोंड वळतं.

आधी एका कुशीवर पोहून पाहा. खालचा हात पुढे लांब, वरचा हात मांडीवर, नजर तळाला, पाय हलके. सहा वेळा पाय मारा, मग अंग वळवून तोंड वर आणा, श्वास घ्या, पुन्हा नजर खाली. जमेना तर पायात फिन्स, म्हणजे माशाच्या परांसारखी रबरी पावलं, घाला, त्यात कमीपणा नाही.

श्वास घेताना एक डोळा पाण्यात राहिला पाहिजे. पोहण्याच्या चष्म्याची एक काच बुडलेली, एक बाहेर, ही खूण पक्की लक्षात ठेवा. दोन्ही डोळे बाहेर आले तर तुम्ही डोकं उचललंत. चालत्या डोक्याच्या बाजूला पाण्यात थोडी खोलगट जागा होते, तोंड तिथे वळवलं की वर उचलावं लागत नाही. नवखा माणूस यावर विश्वास ठेवत नाही, जरा जास्तच वर येतो, आणि वर येण्यासाठी पुढचा हात खाली दाबतो. तो हात दाबला गेला की आधारही गेला आणि पुढचं खेचणंही गेलं. म्हणून श्वास घेईपर्यंत पुढचा हात लांबच ठेवा.

दर तीन हातांनी श्वास घ्या, दोन्ही बाजूंनी, असा आग्रह बरेच शिकवणारे धरतात. माझं मत वेगळं आहे. नवख्याने दर दोन हातांनी, आपल्या सोयीच्या बाजूने घ्यावा. हवा पोटभर मिळाली तरच बाकीचं सुधारतं. थोडं स्थिरावल्यावर जाताना उजवीकडून आणि येताना डावीकडून घ्यायला लागा, म्हणजे एकच खांदा भरून येत नाही.

हात

हात पाण्यात खांद्याच्या समोर घाला, डोक्यासमोर नाही. मधली रेघ ओलांडली की अंग सापासारखं वळवळतं. बोटांची टोकं आधी, तळवा खाली. अंगठा आधी घालायची जुनी पद्धत सोडा, तिने खांद्यावर ताण येतो. फवारणीचा पंप वाहून ज्यांचे खांदे आधीच आखडलेले आहेत त्यांनी तर नक्कीच. हात घातल्यावर पुढे लांबवा, वस्तू घ्यायला फडताळाच्या मागे हात घालतो तेवढा.

मग खेचणं. विहिरीतला पोहणारा सरळ हाताने पाणी खाली दाबतो. त्याने अंग वर उचललं जातं, पुढे जात नाही. त्याऐवजी कोपर वर, पृष्ठभागाजवळ राहू द्या आणि कोपरापासून हात खाली वाकवा, बोटं तळाकडे. आता तळवा आणि कोपरापर्यंतचा हात मिळून मागे तोंड करतात. तेवढं सगळं पाणी धरून मांडीपर्यंत मागे सारा. बोटं आवळू नका, किंचित मोकळी चालतात. बाहेर काढताना कोपर आधी, पंजा सैल लोंबता.

कोपराची ही सवय लावायला मुठी मिटून पोहा. पंजा नाही म्हटल्यावर पाणी कोपरापर्यंतच्या हाताने धरावंच लागतं. एक फेरी मुठीने, एक उघड्या हाताने. दुसरा सराव म्हणजे कॅच-अप: एक हात पुढे थांबतो, दुसरा फेरा पूर्ण करून त्याला येऊन टेकतो, मगच पहिला निघतो. घाईने हात फिरवणाऱ्यांना हा फार उपयोगी आहे. जमिनीवर आरशासमोर कमरेत वाकून रोज पन्नास हात फिरवले तरी फरक पडतो.

जोडणी

एका वेळी एकाच गोष्टीवर लक्ष. आज नजर, उद्या बुडबुडे, परवा कोपर. सुरुवातीला 25 मीटरच्या आठ फेऱ्या मारा, प्रत्येक फेरीनंतर श्वास पूर्ण शांत होईपर्यंत थांबा. 25 मीटरच्या तलावात अर्ध्यातच ढेपाळत असाल तर अर्धीच फेरी मारा, पण नीट मारा. बिघडलेल्या पद्धतीने रेटलेल्या फेऱ्या चूकच पक्की करतात. घड्याळ लावू नका. त्याऐवजी एका फेरीला किती हात लागले ते मोजा. आज 32 लागले आणि महिन्याने 26 लागले, तर तुम्ही सुधारलात. थांबण्याचा वेळ कमी झाला की दोन फेऱ्या जोडा, मग चार.

कोणाला तरी काठावरून मोबाइलवर बाजूने चित्रण करायला सांगा. आपल्याला वाटतं डोकं खाली आहे, चित्रात हनुवटी पाण्याबाहेर दिसते. पंधरा दिवसांनी एकदा पाहिलं तरी पुरे. मात्र दुसऱ्या कोणाचं, विशेषतः बायांच्या बॅचचं चित्रण होणार नाही याची काळजी घ्या.

डोक्याला तेल लावून उतरू नका, आधी शॉवर घ्या. भरपेट जेवून लगेच जाऊ नका. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात पाण्यातही घाम जातो, तो जाणवत नाही इतकंच. सकाळची बॅच धरा, सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवा.

तलावात जाण्याआधी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या लोकांच्या दारातच मामा तलाव, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव, असतात, तेव्हा मोकळ्या पाण्यात पोहायचा मोह होणारच. तरणतलावात न थांबता 400 मीटर आरामात जमेपर्यंत थांबा. तिथे तळाची रेघ नसते. आठ-दहा हातांनी एकदा नुसते डोळे पाण्यावर आणून काठावरचं झाड बघायचं, आणि श्वास नेहमीसारखा बाजूलाच घ्यायचा. शिंगाड्याच्या आणि कमळाच्या वेलांपासून लांब राहा. पायाला वेल लागली तर झटके देऊ नका, पाय संथ मागे घ्या. काठाला समांतर, पाय टेकेल एवढ्याच पाण्यात पोहा. डोक्याला भडक टोपी घाला आणि कमरेला सैल दोरीने झाकण घट्ट लावलेली रिकामी पाच लिटरची कॅन बांधा. ती मागून तरंगत येते, पोहायला अडत नाही आणि दमल्यावर धरता येते.

कोणी बुडताना दिसला तर पोहता येतं म्हणून उडी टाकू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच खाली दाबतो. दोर, बांबू, साडी, रिकामी कॅन, हाताशी असेल ते फेका आणि काठावर पडून ओढा. बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका, तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याला 108 ला फोन लावायला सांगा. हे पोहायला शिकवणाऱ्यांकडून एकदा प्रत्यक्ष करून शिकून घ्या. सोबतच्या माणसालाही शिकवा, कारण काठावर दोर घेऊन तोच उभा राहणार आहे, आणि तो नसेल त्या दिवशी तलावात उतरायचं नाही.